इंग्रजी वाक्यातील 'दॅट'चा लोप आणि स्वल्पविरामाचे कार्य

इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या हस्तलिखितांत ज्या वाक्यरचना वारंवार दुरुस्त कराव्या लागतात, त्यांत पुढील वाक्याच्या जातीचा क्रम बराच वरचा लागेल : 'द ऑथर आर्ग्यूज, द डायलेक्ट हॅज लॉस्ट धिस कॉन्ट्रास्ट अँड द स्क्रिप्ट कन्सील्स द लॉस.' (इंग्रजी उदाहरणे येथे उच्चारानुसार नागरीत दिली आहेत.) बोलीतून अमुक एक भेद नाहीसा झाला आहे, असे मूळ लेखकाचे प्रतिपादन आहे, एवढे यावरून कळते. लिपीमुळे ही घट झाकली जाते, हेही कळते. पण हे दुसरे विधान कोणाचे ? मूळ लेखकाचे, की प्रबंधकाराचे ? वाक्यावरून ते ठरत नाही. 'आर्ग्यूज'नंतर यावयाचे 'दॅट' गळले, त्याच्या जागी स्वल्पविराम आला, आणि 'अँड'नंतर दुसऱ्या 'दॅट'ची काही आवश्यकता असू शकेल, हे तर लिहिणाऱ्याच्या मनातही आले नाही. मार्गदर्शक स्वल्पविरामावर काट मारतो, त्यावर 'दॅट' लिहितो आणि पुढे जातो. ही काट का मारावयाची, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'दॅट' हे अव्यय वैकल्पिक आहे आणि स्वल्पविराम म्हणजे श्वासापुरती विश्रांती, या दोन समजुती शालेय व्याकरणातून आपल्याबरोबर येतात. दोन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत. त्या एकत्र आल्या म्हणजे वर दिलेले वाक्य तयार होते.

प्रथम 'लोप' या शब्दाविषयी. पाणिनीय परंपरेत लोप म्हणजे अदर्शन. जे असावयास हवे, ते न दिसणे. तेव्हा 'दॅट'चा लोप झाला असे म्हणताना ते मुळात तेथे होते, असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकावर डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन (१८६०-१९४३) यांनी आक्षेप घेतला होता. 'दॅट' हे मूळचे दर्शक सर्वनाम होय. 'मला ते वाटते : तो आजारी आहे' अशा रचनेत पुढील वाक्याकडे बोट दाखविण्याचे काम ते करीत असे, कालांतराने ते पहिल्या वाक्यातून सरकून दुसऱ्याच्या दाराशी आले आणि उभयान्वयी अव्यय बनले. 'मला वाटते : तो आजारी आहे' ही दर्शकाविना रचनाही त्याच्या शेजारी नांदत होती. म्हणून आजची 'आय थिंक दॅट ही इज इल' आणि 'आय थिंक ही इज इल' ही वाक्ये मायलेकी नसून बहिणी आहेत, आणि दुसरीत काही गळाले आहे असे म्हणणे इतिहासाला धरून नाही, असा येस्पर्सन यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

ही उपपत्ती आकर्षक असली तरी जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे. दर्शकाविना रचना तितकीच जुनी असती, तर जुन्या इंग्रजीच्या ग्रंथांत ती मुबलक सापडावयास हवी होती. प्रत्यक्षात तेथे ती विरळ आहे; मध्ययुगीन इंग्रजीच्या उत्तरकाळात ती वाढू लागते, सोळाव्या व सतराव्या शतकांत भरास येते, आणि अठराव्या शतकातील व्याकरणनिष्ठ गद्यात पुन्हा आक्रसते. जुने लेखन बहुतांशी औपचारिक होते आणि बोलण्यातील रचना त्यात उतरली नसेल, असा बचाव करता येईल. तथापि बोललेले शब्द आपल्याजवळ नाहीत. 'लोप' ही संज्ञा आपण येथे केवळ सोयीसाठी वापरू.

जर्मन भाषेशी तुलना केली असता इंग्रजीची खरी अडचण ध्यानात येते. जर्मनमध्येही 'दास' हे अव्यय असे गाळता येते. पण ते असताना गौण वाक्याचे क्रियापद शेवटी जाते आणि ते गाळले की क्रियापद दुसऱ्या स्थानावर येते. 'इख ग्लाउबं, दास एअर हॉइटं कॉम्ट' आणि 'इख ग्लाउबं, एअर कॉम्ट हॉइटं' ही वाक्ये पाहावीत. शिवाय दोन्हींत स्वल्पविराम नियमाने आवश्यक आहे. म्हणजे गौण वाक्याची सीमा दाखविणारी तीन चिन्हे जर्मनजवळ आहेत, आणि एक गेले तरी निदान एक उरते. मराठीची तऱ्हा निराळी. 'तो येणार नाही असे मला वाटते' ही आपली घरची रचना. तीत 'असे' हे पद मागील सबंध वाक्य उचलून धरते. 'मला वाटते की तो येणार नाही' यातील 'की' फारसीकडून आलेला. तो गाळून 'मला वाटते तो येणार नाही' असेही आपण बोलतो. मात्र औपचारिक लेखनात गौण वाक्य पुढे आणून 'असे' म्हणण्याची वाट आपल्याला सदैव मोकळी असते. इंग्रजीत ना क्रियापद हलते, ना 'असे' आहे. सीमेवर उभे राहणारे एकच पद आहे, आणि तेच वैकल्पिक !

ते कोठे गळते आणि कोठे गळत नाही, यालाही काही व्यवस्था आहे. 'थिंक', 'से', 'नो', 'सपोज' अशा नित्य वापराच्या क्रियापदांनंतर ते सहज गळते. 'रिग्रेट', 'रिझेंट' अशा क्रियापदांनंतर, किंवा बोलण्याची रीत सांगणाऱ्या 'व्हिस्पर'सारख्या क्रियापदानंतर ते गाळले तर वाक्य अडखळते. 'द फॅक्ट दॅट' अशा नामांनंतर लेखनात ते राखावेच लागते. गौण वाक्य उद्देश्यस्थानी असेल तर लोपाला मुळीच वाव नाही : 'दॅट ही केम सरप्राइज्ड अस' यातील पहिले पद काढले की 'ही केम' हेच प्रधान वाक्य वाटू लागते आणि पुढचे 'सरप्राइज्ड' अधांतरी राहते. उलट एका ठिकाणी लोप अनिवार्य आहे. 'हू डू यू थिंक केम ?' हे शुद्ध इंग्रजी. त्यात 'केम'पूर्वी 'दॅट' घातले की बहुतेक इंग्रजी भाषक ते वाक्य नाकारतात. डेव्हिड पर्लमटर यांनी १९७१ साली हा विशेष पुढे मांडला आणि त्यानंतर वाक्यविचारात त्यावर विपुल चर्चा झाली. तिच्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. 'वैकल्पिक' हे विशेषण किती सैल आहे, एवढे त्यावरून दिसते.

संभाषणात 'आय थिंक', 'आय गेस' यांच्यानंतर 'दॅट' फारच क्वचित येते. सँड्रा थॉम्पसन आणि अँथनी म्युलॅक यांनी १९९१ साली याची उपपत्ती अशी लावली की, येथे 'आय थिंक' हे प्रधान वाक्य राहिलेलेच नाही. आपल्या 'बहुधा' किंवा 'मला वाटते' यांप्रमाणे वक्त्याची खात्री किती, हे सांगणारे ते क्रियाविशेषण बनत चालले आहे. म्हणूनच ते जागा बदलू शकते : 'ही इज, आय थिंक, इल' किंवा 'ही इज इल, आय थिंक'. या दोन वाक्यांत स्वल्पविराम आला आहे, याची नोंद वाचकांनी घ्यावी. त्याचा उपयोग पुढे होईल.

आता वाचणाऱ्याच्या बाजूने पाहू. 'द हिस्टोरियन बिलीव्ह्ड द डॉक्युमेंट वॉज फोर्ज्ड' हे वाक्य डावीकडून उजवीकडे वाचत गेल्यास 'डॉक्युमेंट'पर्यंत वाचकाची समजूत अशी होते की, इतिहासकाराने कागदावर विश्वास ठेवला. पुढे 'वॉज' येताच ती मोडावी लागते, आणि निष्पन्न होणारा अर्थ पहिल्याच्या नेमका उलट ! 'बिलीव्ह्ड'नंतर 'दॅट' असते, तर ही चकवाचकवी झालीच नसती. नामाच्या जागी 'ही' हे सर्वनाम असते तरीही झाली नसती, कारण कर्म असते तर ते 'हिम' असते. सर्वनामापूर्वी लोप अधिक का आढळतो, याचे हे एक कारण मानले जाते.

परंतु बोलणारा ऐकणाऱ्याची ही गैरसोय ओळखून 'दॅट' घालतो काय ? व्हिक्टर फरेरा आणि गॅरी डेल यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचे उत्तर नकारार्थी आहे. वाक्य संदिग्ध होणार असले म्हणून वक्ते 'दॅट' अधिक वापरत नाहीत. पुढचा शब्द जिभेवर तयार असला की ते गाळतात, नसला की घालतात. फ्लोरियन येगर यांनी २०१० साली इंग्रजी संभाषणांच्या संग्रहावरून याला दुसरी बाजू जोडली : ज्या क्रियापदानंतर गौण वाक्य येईल अशी अपेक्षा कमी असते, त्यानंतर 'दॅट' अधिक येते. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन निष्कर्षांतून लेखन शिकविणाऱ्याने घ्यावयाचा बोध एकच आहे. बोलताना हे पद आपोआप सांभाळले जाते, आणि तेही मुख्यतः बोलणाऱ्याच्या सोयीने. लिहिताना वाचकाची सोय मुद्दाम पाहावी लागते. 'कानाला बरे वाटते' ही कसोटी तेथे अपुरी आहे, आणि ज्याचा कान इंग्रजीवर वाढलेला नाही त्याला तर ती उपलब्धही नाही.

क्रियाविशेषण मध्ये आले की अडचण वाढते. 'द वॉर्डन अनाउन्स्ड ऑन मंडे द हॉस्टेल वुड क्लोज.' घोषणा सोमवारी झाली, की वसतिगृह सोमवारी बंद होणार ? 'ऑन मंडे दॅट' आणि 'दॅट ऑन मंडे' असे दोन पर्याय लिहून पाहिले म्हणजे एका पदाच्या जागेने केवढा फरक पडतो, ते दिसते. येथे 'मंडे'नंतर स्वल्पविराम दिल्यास काय होईल ? वाचक कदाचित पहिला अर्थ घेईल. पण स्वल्पविराम क्रियाविशेषणाला वेगळे काढण्यासाठीही असतो, तेव्हा तो निश्चित असे काहीच सांगत नाही. 'दॅट' हे पद आहे आणि त्याला व्याकरणातील स्थान आहे. स्वल्पविराम हे चिन्ह आहे आणि त्याला अनेक धनी आहेत.

मग आपले विद्यार्थी 'दॅट'च्या जागी स्वल्पविराम का देतात ? त्यांच्यापुरती याची संगती लागते. अठराव्या शतकातील छापील इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्मवाक्य यांच्यामध्ये स्वल्पविराम देण्याचा प्रघात होता. 'ही सेड, दॅट' असे त्या काळच्या ग्रंथांत सर्रास आढळते. विरामचिन्हे तेव्हा वाचनातील थांब्यांना बरीच धरून होती. पुढे ती वाक्यरचनेला धरून देण्याकडे कल वाढला, स्वल्पविरामांची गर्दी कमी झाली, आणि १९०६ साली फाउलर बंधूंनी 'द किंग्ज इंग्लिश' या ग्रंथात विरामांच्या अतिरेकाला विरोध केला. आज क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये स्वल्पविराम घालू नये, हा नियम कर्मवाक्यालाही लागू आहे. मराठीत विरामचिन्हांची पद्धत रुजविण्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा होता, आणि ते एकोणिसाव्या शतकातले. 'तो म्हणाला, की' हा आपला स्वल्पविराम त्या जुन्या इंग्रजी प्रघाताचा वारस असावा, असा तर्क करण्यास जागा आहे.

त्याहूनही लक्षणीय प्रकार म्हणजे 'तो म्हणाला की, मी उद्या येईन' हा. येथे स्वल्पविराम 'की'नंतर आहे, आणि त्यानंतर 'मी' आहे; 'तो' नाही. मराठीत 'की'नंतर मूळ वक्त्याचे शब्द त्याच्याच पुरुषात ठेवता येतात. अवतरणचिन्हे नसली तरी ते जवळजवळ अवतरणच असते. तेव्हा 'की'नंतरचा थांबा त्या अवतरणाचा उंबरठा आहे, आणि मराठीपुरता तो निरर्थक नाही. ही सवय इंग्रजीत गेली की 'ही सेड दॅट, आय विल कम टुमॉरो' असे वाक्य जन्मते. इंग्रजीत यातील 'आय' हा प्रबंधकार ठरतो, आणि स्वल्पविराम निराधार होतो. अशा वाक्यात दोन चुका आहेत असे समजून आपण त्या निरनिराळ्या दुरुस्त करतो. वास्तविक दोहोंचे मूळ एकच. प्रत्यक्ष कथन आणि अप्रत्यक्ष कथन यांच्यामध्ये इंग्रजी जी भिंत घालते, ती मराठीत कमरेएवढीच आहे. विद्यार्थ्याला एवढे समजावून दिले की चूक बरीच लवकर जाते, असा अनुभव आहे.

इंग्रजीत 'दॅट'च्या जागी स्वल्पविराम कधीच येत नाही, असे मात्र नाही. 'द रेन वॉज सो हेवी दॅट द रोड वॉज क्लोज्ड' या वाक्यातील 'दॅट' काढून तेथे स्वल्पविराम देणे अनौपचारिक लेखनात चालते. कारण येथील गौण वाक्य परिणाम दाखविणारे क्रियाविशेषणवाक्य आहे. ते क्रियापदाचे कर्म नव्हे. वर आलेल्या 'ही इज इल, आय थिंक' यातही 'आय थिंक' बाजूला उभे आहे, म्हणून स्वल्पविराम. गौण वाक्यावाचून क्रियापदाची आकांक्षा अपुरी राहत असेल, तर दोहोंमध्ये स्वल्पविराम येऊ शकत नाही, मग 'दॅट' असो वा नसो. आकांक्षा हा आपल्या शाब्दबोधातील जुना शब्द येथे चपखल बसतो, आणि इंग्रजी व्याकरणातील संज्ञांपेक्षा विद्यार्थ्यांना तो लवकर पटतो. विशेषणवाक्यांतही हाच न्याय दिसतो. 'द बुक आय बॉट' यात संबंधी सर्वनाम गळाले आहे. कोणते पुस्तक, हे त्या वाक्यावाचून ठरत नाही. ज्या विशेषणवाक्यापूर्वी स्वल्पविराम देतात, ते केवळ अधिक माहिती देणारे असते, आणि तेथे सर्वनाम गाळता येत नाही. म्हणजे लोप आणि स्वल्पविराम तेथे एकत्र नांदत नाहीत.

राहता राहिला समुच्चय. येथे उभयान्वयी अव्यय गाळल्याने आणि स्वल्पविराम नसल्याने किती मोठा वाद उभा राहू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतील मेन या राज्यात घडले. तेथील कायद्याने नाशवंत अन्नपदार्थांशी संबंधित काही कामांना जादा वेळेच्या वाढीव वेतनातून वगळले होते. डबाबंद करणे, प्रक्रिया करणे, टिकविणे, गोठविणे, वाळविणे, विकणे, साठविणे अशी कामे स्वल्पविरामांनी सांगून झाल्यावर शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते, आणि 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे वाहनचालक मालाचे वितरण करीत, तो बांधीत नसत. 'रवानगीसाठी किंवा वितरणासाठी बांधणे' हे एकच काम आहे, असा त्यांचा अर्थ. वितरण हे निराळे काम आहे, असा डेअरीचा. डेअरीचा आधार असा की, चालकांचा अर्थ घेतल्यास यादीच्या अखेरच्या घटकापूर्वी 'ऑर' उरतच नाही. चालकांचा आधार असा की, इतर सर्व कामे 'इंग'ने संपतात, 'डिस्ट्रिब्यूशन' मात्र 'शिपमेंट'प्रमाणे नाम आहे. तेव्हा ती दोन्ही 'फॉर'च्या अधीन आहेत. एका पक्षाने अव्ययाचा लोप स्वीकारावयाचा, दुसऱ्याने स्वल्पविरामाचा. पेच असा होता. अपील न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये कायद्याची भाषा संदिग्ध ठरविली आणि कामगारांच्या हिताचा कायदा उदारपणे वाचावा, या तत्त्वाने निर्णय चालकांच्या बाजूने दिला. पुढच्या वर्षी पन्नास लक्ष डॉलरांवर तडजोड झाली. दरम्यान विधिमंडळाने ते कलम दुरुस्त केले : स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम आले आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चे 'डिस्ट्रिब्यूटिंग' झाले.

प्रारंभीच्या वाक्यातील पेच याच जातीचा आहे. 'अँड' कोणत्या दोन वाक्यांना जोडते ? 'द ऑथर आर्ग्यूज दॅट... अँड दॅट द स्क्रिप्ट कन्सील्स द लॉस' असे लिहिले, तर दोन्ही विधाने मूळ लेखकाची झाली. 'अँड'पूर्वी स्वल्पविराम देऊन दुसरे 'दॅट' गाळले, तर दुसरे विधान प्रबंधकाराचे मानण्याकडे वाचकाचा कल होईल; पण तो कलच, निश्चिती नव्हे. निश्चिती हवी असल्यास पूर्णविराम देऊन दुसरे वाक्य निराळे लिहावे. संशोधनपर लेखनात मत आणि मतधनी यांचे नाते हाच मुख्य व्यवहार असल्यामुळे, एरवी संभाषणात ज्याला आपण फालतू मानू ते दुसरे 'दॅट' येथे राखणे अगत्याचे ठरते.

ज्या हस्तलिखितात हे वाक्य होते, त्याच्या लेखकाला विचारले असता, कोणते विधान कोणाचे, हे त्यालाही लगेच सांगता आले नाही. त्याने मूळ लेख पुन्हा काढून पाहिला. लिपीविषयी तेथे काहीच नव्हते. ते निरीक्षण त्याचे स्वतःचे होते, प्रबंधातील चांगल्या निरीक्षणांपैकी एक होते, आणि दोन वर्षे ते त्याच्या मसुद्यात दुसऱ्याच्या नावावर बसून होते.